मनाचे नूतनीकरण आणि बाबांचे ताट

ग्रीक भाषा आमच्या खापर गावाला आली ती एका पांढऱ्या गाडीतून, प्रोजेक्टरसह. बरोबर बाटलीबंद पाण्याचे खोके होते, मोगऱ्याचा नव्हे तर मोगऱ्याच्या जाहिरातीचा असावा तसा एक सुगंध होता, आणि पुण्याहून आलेले एक सर होते. सर नवा करार त्याच्या मूळ भाषेत शिकले होते. कुठे शिकले, हे त्यांनी इतक्यांदा सांगितले की मी ते ऐकून घेणे बंद केले. आता ते चर्चच्या मंडळ्यामंडळ्यांतून 'मनाचे नूतनीकरण, मूळ ग्रीकमधून' या नावाचे तीन दिवसांचे शिबिर घेत फिरत होते. चर्चच्या दारावर लावलेल्या फलकावर 'मूळ ग्रीकमधून' हे शब्द ठळक होते. मन बारीक अक्षरांत होते.

मला बोलावले गेले ते दुभाषी म्हणून. मी शहाद्याच्या एका कॉलेजात मराठी कविता शिकवते आणि घरी, आईवडिलांशी, भिलीत बोलते. डोंगरातल्या पाड्यांवरून जीपने येणाऱ्या माणसांना सरांचे इंग्रजाळलेले मराठी कळणार नव्हते. तेव्हा ग्रीकमधून इंग्रजीत, इंग्रजीतून सरांच्या मराठीत आणि तिथून माझ्या तोंडून भिलीत, असा त्या वचनाचा प्रवास ठरला. इतक्या भांड्यांतून ओतलेले दूध शेवटी किती उरते, हे चर्चच्या कमिटीतल्या कुणी विचारले नाही.

वचन माझ्या ओळखीचे होते. रोममधल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातले ते; या जगाच्या साच्यात स्वतःला बसवू नका, मन नवे होऊन तुमचे रूप पालटू द्या, अशा अर्थाचे. ते मी प्रथम ऐकले ते बाबांच्या तोंडून. बाबा या डोंगरांतले प्रचारक. खांद्याला कापडी पिशवी, पायांत टायरच्या वहाणा, अशा वेषात ते एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर पायी हिंडले आणि भिलीत बोलले. त्यांनी हे वचन कधी समजावून सांगितल्याचे मला आठवत नाही. ते नुसते म्हणत आणि थांबत. त्या थांबण्यात नदीचा आवाज ऐकू येई.

सर थांबत नसत. भाद्रपद सरत आला होता, पत्र्याखाली उकाडा साचला होता, प्रोजेक्टरचा पंखा जळक्या धुळीचा वास सोडत होता, आणि पडद्यावर एकामागून एक ग्रीक शब्द उगवत होते. 'सुस्खेमा', म्हणजे साचा. 'मेटामॉर्फोसिस', म्हणजे रूप पालटणे. 'नूस', म्हणजे मन. आणि 'अनाकाइनोसिस', म्हणजे पुन्हा नवे होणे. हा शेवटचा शब्द सरांनी म्हटला तेव्हा, खरे सांगते, माझ्या अंगावर काटा आला. काय शब्द आहे तो! ओठ उघडतो, आत कुठेतरी वळण घेतो आणि सकारावर अलगद मिटतो, ओल्या वाळूवर लाट मिटावी तसा. कालच्या दिनांकाने नवे असणे वेगळे आणि जातीनेच नवे असणे वेगळे, ग्रीकमध्ये त्याला दोन वेगळे शब्द आहेत, असे सर म्हणाले. इतकी सुंदर गोष्ट त्यांच्या हाती होती. त्यांनी ती लगेच पुढच्या चित्राखाली गाडली. त्या चित्रात एक डोके होते, डोक्यात दातेरी चाके होती आणि चाकांवर तेल पडत होते.

"नूस," सर माझ्याकडे वळून म्हणाले. "सांगा त्यांना, सिस्टर."

मी भिलीत सांगितले आणि सांगताना सहज हात छातीवर ठेवला.

"छाती नाही, सिस्टर."

मी हात कपाळाकडे नेला.

"डोकंही नाही. डोकं म्हणजे मेंदू. नूस वेगळा."

माझा हात हवेत राहिला. पुढच्या चटईवरच्या बायका माझ्या हाताकडे बघत होत्या. तो कुठे उतरणार याची त्यांना खरोखर उत्सुकता होती. मागच्या बाकावरून आमचे कंडक्टरकाका खाकरले. काका म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले, मंडळीच्या कमिटीतले सर्वांत जुने सभासद. मूळचे तापीकाठचे, त्यामुळे त्यांची अहिराणी कुठल्याही सभेत, कुठल्याही पाहुण्यासमोर, जशीच्या तशी असते.

"ताई," ते म्हणाले, "ग्रीकमा चहाले काय म्हनतस ते इचारी ल्या. कप केव्हाना रिकामा शे."

चटया हसल्या. सरही हसले, म्हणजे त्यांचे दात दिसले. चहाच्या सुटीत त्यांनी काकांना गाठून विचारले की सत्र समजले का. काका म्हणाले, "बठ्ठं समजनं, सर. फक्त आपले काय करनं शे, तेवढंच समजनं नही."

मला वाटते, ही त्या शिबिराची अचूक समीक्षा होती. कारण सरांनी स्वतःच पडद्यावर लिहून दाखवले होते की रूप पालटणे हे आपण करायचे काम नव्हे, ते आपल्या बाबतीत घडते, दुसरा कुणी घडवतो. हे लिहून झाल्यावर त्याच तोंडाने त्यांनी ते घडवण्याच्या पायऱ्या सांगितल्या. पायरी पहिली: आपापले जुने साचे ओळखा. त्यांनी डोंगरातल्या माणसांच्या वतीने ते ओळखूनही ठेवले होते. मोहाची दारू. ढोल. काठी गावची होळी, तिला जाणे, तिचा नवस बोलणे. बायकांच्या गळ्यातली चांदी. नवे धान्य देवाला दाखवल्याशिवाय न खाणे. एकेक चित्र येत गेले. चांदीच्या चित्रापाशी पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने पदर गळ्यापर्यंत ओढून घेतला, थंडी वाजावी तसा, त्या उकाड्यात. सरांचे स्वतःचे साचे पडद्यावर नव्हते. इस्त्रीची धार, आमच्या माठाकडे न वळणारा हात, स्त्रियांशी बोलताना त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघण्याची सवय, यांना बहुधा ग्रीकमध्ये शब्द नसावेत.

हे सगळे मी हसून सोडून दिले असते. मला असल्या शिबिरांची सवय आहे. ती येतात, फलक फाटेपर्यंत राहतात. पण त्या आठवड्यात आमच्या घरात बाबा जेवत नव्हते.

बाबांचे विसरणे सुरू होऊन काही वर्षे झाली. कणसाची पाती एकेक करून सोलावीत तशी त्यांची स्मृती वरून सुटत गेली. आधी मराठी गेली, जी ते बाहेर बोलत. मग गीते गेली. चाल उरली, शब्द गेले. मग चर्चचा रस्ता गेला. मग मी. मला ते आदराने 'बाई' म्हणू लागले, शाळातपासनीस आली असावी तसे. आत जे कोवळे, दाट आणि पहिले होते, ते मात्र जागच्या जागी होते: बाबांचे बाळपण, अक्राणीच्या बाजूचा त्यांचा पाडा, ख्रिस्ताचे नाव तिथे कुणी ऐकण्याआधीचा.

आणि मग बाबांच्या पुतण्याने डोंगरातल्या शेतातून नव्या मक्याचे पोते आणून टाकले. नव्या मक्याला एक वास असतो, दुधाचा आणि ओल्या दोरखंडाचा. तो घरभर पसरला. आईने कणसे भाजली, दाणे सोलून वाटीत दिले. बाबांनी वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले आणि वाटी खाली ठेवली.

"झाली का?" त्यांनी विचारले.

"काय झाली का?" आई म्हणाली.

"नवाई."

नवाई म्हणजे नव्या धान्याची पूजा. डोंगरात ती झाल्याशिवाय नवे धान्य कुणी तोंडात घालत नाही. आधी धान्यदेवता कणसरी, आधी पूर्वज, मग माणसे. बाबांनी ही रीत तरुणपणीच सोडली होती. नुसती सोडली नव्हती, घराघरांत जाऊन सोडवली होती. पहिले धान्य चर्चमध्ये आणा, असे ते सांगत. आता ते समजूतदारपणे वाटी बाजूला सारत आणि वाट बघत. आम्ही ताटावर प्रार्थना केली. ते आमेनपर्यंत अदबीने थांबले आणि मग ताट परत केले. आईने बाजारातून गेल्या वर्षीची ज्वारी आणली; काही दिवस तिची भाकरी चालली. मग तीही ते हुंगून परत करू लागले. पोते उचलून शेजारी दिले, पण घरात नवे आले आहे एवढे त्यांना पुरेसे होते. ते काळा चहा घेत आणि रागावत नसत. तेच सहन होत नव्हते. यजमानाकडे उशीर होतो आहे आणि आपण पाहुणे आहोत, अशा सभ्यतेने ते उपाशी बसत. गळ्याची हाडे वर आली. मनगटावरचे घड्याळ कोपरापर्यंत सरकू लागले. डॉक्टरांनी घसा बघितला, पोट दाबले, सलाईन लावले आणि म्हणाले, "गिळायला काही अडचण नाही. जेवायला हवं."

म्हणून दुसऱ्या दिवशी, प्रश्नोत्तरांच्या तासाला, दुभाष्याची जागा सोडून मी प्रश्न विचारला. मनाबद्दल दोन दिवस एवढे बोलणारा माणूस समोर होता. विचारायचे नाही तर काय करायचे? मी नाव न घेता विचारले. एखाद्या विश्वासणाऱ्याचे मनच झिजत चालले असेल, त्याला सगळे विसरायला होत असेल आणि फक्त सर्वांत जुने तेवढे उरत असेल, तर नूतनीकरणाचे काय?

मला उत्तर नको होते. "ठाऊक नाही, सिस्टर," एवढे ते म्हणाले असते तर मी त्यांची सगळी चाके आणि सगळे तेल माफ केले असते.

"उत्तम प्रश्न," सर म्हणाले, आणि त्यांनी चित्र मागे नेले, त्या डोक्यापाशी. "मेंदू झिजतो. नूस झिजत नाही. अनाकाइनोसिस जर खरंच झालेलं असेल, तर मेंदू गेला तरी नवं मनच दिसणार. आणि जुनं वर येत असेल, तर..." त्यांनी तळवे उलटे केले, दुकानदार माल संपल्याचे सांगताना करतो तसे. "तर मग मुळात नूतनीकरण झालं होतं का, हे तपासावं लागेल. बहुतेकांचं रंगकाम असतं, सिस्टर. भिंत जुनीच."

नाव घेतले नव्हते, पण खापर केवढे? बाबा जेवत नाहीत हे सगळ्यांना माहीत होते आणि का जेवत नाहीत हेही. "हे भाषांतर करा ना," सर म्हणाले. मी केले नाही. तिथे बसलेल्या निम्म्या माणसांना येशूचे नाव ज्याने पहिल्यांदा सांगितले, तो माणूस म्हणजे नुसता चुन्याचा हात होता, हे मी त्यांना कुठल्याच भाषेत सांगणार नव्हते. पण आई बायकांच्या चटईवर होती आणि तिला मराठी येते.

आम्ही दोघी घरी निघालो. माळावरचे गवत पिकले होते, त्याचा कोरडा गोड वास येत होता. दारात वहाणा काढताना ती म्हणाली, "उद्या मी नवाई करते."

हे ऐकून मी जितकी चकित झाले तितके कुणी होऊ शकणार नाही, कारण माझी आई नवापूरकडच्या मिशनच्या आवारात जन्मली. नवाई तिने उभ्या जन्मात पाहिलेली नाही. तिच्या माहेरी धान्याला वंदन करणे तर सोडाच, धान्याशी मोठ्याने बोलणेही चालत नसे.

"तू?" मी म्हटले. "मंडळी काय म्हणेल?"

"मंडळी जेवतेय," आई म्हणाली. "हे जेवत नाहीत."

"तुला येते तरी का?"

"त्यांना येते."

शेजाऱ्यांकडून तिने मक्याची थोडी कणसे परत मागून आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी दाणे उकडले आणि अंगणातल्या सागाची पाने तोडली. बाबांना पुढे बसवून ती म्हणाली, "सांगा आता. पहिल्यांदा काय?"

मी कविता शिकवते. पालटणे, उजळणे, असली क्रियापदे मी जपून वापरते. पण बाबांची पाठ ताठ झाली. त्यांनी पदराशी चुळबुळणाऱ्या आईकडे, नवख्या सुनेकडे बघावे तसे बघितले आणि विचारले, "खांब कुठे आहे?"

घराचा मधला खांब. त्याच्या पायाशी नवाई मांडतात. आमचे घर सिमेंटचे, त्याला मधला खांब नाही. बाबा भिंतींना हात लावत स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आले, तिथून पडवीत आले, आणि पडवीच्या पत्र्याला खालून आधार दिलेला जो लोखंडी पाइप आहे, त्याला त्यांनी मिठी मारल्यासारखे धरले. हलवून पाहिले. हलला नाही. "हा," ते म्हणाले.

अशा रीतीने आमची नवाई घराच्या गाभ्यात न होता भर रस्त्याच्या तोंडावर, चर्चला जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी मांडली गेली. आई एकदा रस्त्याकडे बघून घुटमळली. मग तिने पाइपच्या पायाशी पाणी शिंपडले.

"आधी पान," बाबा म्हणाले.

तिने पान ठेवले.

"उलटं आहे."

"कशावरून उलटं?"

"शिरा खाली. तुझ्या आईनं शिकवलं नाही काय?"

"माझ्या आईनं मला हार्मोनियम शिकवलं," आई म्हणाली आणि तिने पान सुलटे केले. मला हसू आवरेना. त्या पडवीत कित्येक दिवसांत कुणी हसले नव्हते.

पानावर दाणे वाफाळत होते. आईने हात जोडले आणि ओठातल्या ओठात येशूच्या नावाने प्रार्थना केली. तिला दुसरे काही येत नव्हते आणि तिला दुसरे काही म्हणायचेही नव्हते. बाबा ती संपेपर्यंत थांबले. मग त्यांनी चिमूटचिमूट दाणे जमिनीवर ठेवत आपल्या मेलेल्यांना एकेक करून हाक मारली. आवाज खोल होता, पण घोगरा नव्हता. डोंगरात लांबच्या पाड्याला हाळी देतात तसा तो वर चढत होता. त्यांतल्या कितीतरी माणसांची नावे मी कधी ऐकलेली नव्हती. ती सगळी आमच्या पडवीत येऊन बसल्यासारखे वाटले आणि त्यांची मला भीती वाटली नाही.

आता एवढेच उरले होते की बाबांनी खावे. आईने वाटी पुढे केली. बाबांनी मान हलवली. "घरचा नाही," ते म्हणाले. "आधी बाहेरचा."

त्यांच्या पाड्यात रीत होती की देवाचे झाले की पहिला घास घराबाहेरच्या माणसाला. तो खाईल, मग घर खाईल. आम्हाला हे ठाऊक नव्हते. आई रस्त्याकडे बघू लागली, आणि रस्त्यावर, जेवणाच्या सुटीत, कंडक्टरकाकांच्या घरी भोजनाला निघालेले सर काकांबरोबर येत होते.

मी सरांना दोष देत नाही की ते थांबले. पडवीत लोखंडी पाइपपुढे वाफाळणारे पान, पुढे प्रचारकाच्या घरातली स्त्री. कुणीही थांबले असते. ते बूट न काढता पायरी चढून वर आले. "आंटी," ते म्हणाले, "हे काय चाललंय?"

आईने उत्तर देण्याआधी बाबा उठले. पाहुणा आला होता. त्यांनी पानावरचे दाणे दुसऱ्या पानात घेतले, दोन्ही हातांनी धरले आणि सरांपुढे केले.

"घ्या, सर," मी म्हटले. "तुम्ही खाल्ल्याशिवाय ते खाणार नाहीत. एक दाणा पुरे."

"मी हे खाऊ शकत नाही, सिस्टर. हे दाखवलेलं आहे."

"करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात काय आहे? कुणी जेवायला बोलावलं तर पुढे येईल ते खा, काही विचारू नका."

"पुढचं वचन वाचा," सर म्हणाले. "पण हे अर्पण केलेलं आहे असं कुणी सांगितलं, तर खाऊ नका. मूळ ग्रीकमध्ये तर..."

त्यांचे बरोबर होते. पुढच्या वचनात तेच आहे. मी तेव्हाही जाणत होते आणि घरी येऊन पुन्हा बघितले. वचन त्यांच्या बाजूने होते, व्याकरणही असावे, आणि ते आपल्या बरोबर असण्यात इतके ऐसपैस उभे होते की पुढे पसरलेले दोन हात त्यांच्या दृष्टीच्या खाली गेले होते. मूळ ग्रीकमध्ये काय आहे ते त्यांनी सांगायला सुरुवात केली. माझा बाप उपाशी उभा होता आणि त्याच्यापुढे एका क्रियापदाची फोड चालली होती. ते ज्ञान मला त्या क्षणी जितके दरिद्री वाटले तितके कुठलेही अज्ञान कधी वाटलेले नाही. त्या दाण्यांचा वास त्यांच्या अत्तरावरून चढून माझ्यापर्यंत येत होता.

"जुन्याला खाऊ घातलंत तर जुनंच वाढेल," सर शेवटी म्हणाले. "कठोर वाटेल, पण प्रेम ते हेच. उपास करू द्या त्यांना. आपण प्रार्थना करू."

बाबांना यातले काही कळले नाही. एवढेच कळले की पाहुणा घेत नाही. आपल्या हातून काही चुकले का, म्हणून त्यांनी पानाकडे बघितले. मग आईकडे बघितले. आणि मग ते पान हळूहळू खाली घेऊ लागले.

"आना दादा, इकडे आना," कंडक्टरकाका म्हणाले.

ते पायरीवर उभे होते. त्यांनी चपला काढल्या, वर आले, सरांना खांद्याने थोडे बाजूला केले, आणि बाबांच्या हातातले पान घेऊन सगळे दाणे एकदम तोंडात टाकले. गाल फुगले. ते चावत राहिले, डोळ्यांनी आईला काहीतरी सांगत. मग गिळून म्हणाले, "माले तर भूक लागनी होती, वहिनी. दोन दिनपाइन नुसतं मनच खाई ऱ्हायनू."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?" सरांनी विचारले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा, म्हणजे दुखावलेला, आला.

"मकाना दाना शे, सर," काका म्हणाले. "इच्चू नही, डंख माराले. चला, घर भाजी थंडी हुई ऱ्हायनी."

बाबा खाली बसले. त्यांनी वाटी जवळ ओढली. पहिला दाणा त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवला, मग दुसरा, मग मूठभर. त्यांच्या जबड्याचा आवाज पडवीत ऐकू येत होता, ओलसर, संथ, आणि आम्ही तिघे उभे राहून तो ऐकत होतो. सर पायरी उतरून गाडीच्या दिशेने गेले होते. आईने बाबांना आणखी वाढले. ते म्हणाले, "मीठ कमी आहे." गेली कित्येक वर्षे हे वाक्य ऐकून ती वैतागत असे. आता ती मीठ आणायला जवळजवळ धावत गेली, आणि आत गेल्यावर तिला बाहेर यायला मीठ शोधण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

संध्याकाळी त्यांनी भाकरी खाल्ली. नव्या मक्याची.

शिबिर ठरल्याप्रमाणे संपले. समारोपाला मी भाषांतर केले नाही. घसा बसल्याचे सांगितले. सरांना शाल मिळाली, फलक वादळात फाटला. पण त्यांनी जाण्याआधी पाळकांशी बंद दाराआड बोलून ठेवले होते. रविवारच्या उपासनेआधी पाळक आमच्या घरी आले, चहा न घेता बसले आणि म्हणाले, की मंडळीत कुजबुज आहे, की प्रकरण वाढवायचे नाही, की आईने सर्वांसमोर उभे राहून दोन शब्द खेद व्यक्त केला म्हणजे झाले. बोलताना ते बाबांकडे बघत नव्हते. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा बाबांच्या ओंजळीने नदीत झाला आहे.

"आणि काका?" मी विचारले.

"त्यांना विचारलं," पाळक म्हणाले. त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. "ते म्हणाले, तिकीट काढलेलं होतं, म्हणून बसलो."

मी आईला म्हटले, जाऊ नकोस. ती म्हणाली, माझी जागा तिथे आहे, मी का जाऊ नको? तिने पांढरे लुगडे नेसले, केसांना तेल लावले आणि बाबांना हाताला धरून घेतले. चर्चमध्ये पुढची चटई तिच्यासाठी रिकामी ठेवली होती, आरोपीला ठेवतात तशी. प्रवचन झाले. सूचना झाल्या. पाळकांनी घसा साफ करून तिच्याकडे बघितले.

आई उभी राहिली. सगळे तिच्याकडे बघत होते. बाबा दारातल्या चिमण्यांकडे बघत होते.

"माझा नवरा जेवला," ती स्पष्ट मराठीत म्हणाली. "त्याबद्दल प्रभूचे उपकार."

आणि ती बसली. तो खेद होता की उपकारस्तुती, हे ठरवायला लोक एकमेकांकडे बघू लागले. मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्याने "आमेन" म्हणाले, मग डोंगरातल्या बायकांच्या चटईवरून, मग सगळीकडून. पाळकांनी घाईघाईने पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला.